६१७४ आणि तिच्या कुळातील मोठ्या संख्या

एखादी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने लावावेत, मग तेच अंक चढत्या क्रमाने लावावेत आणि मोठीतून लहान वजा करावी. जे उत्तर येईल त्यावर पुन्हा हीच क्रिया करावी. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ साली स्थापन झाले. ते साल उदाहरणाला घेतले, तर ९९४१ − १४९९ = ८४४२, ८४४२ − २४४८ = ५९९४, ९९५४ − ४५९९ = ५३५५, ५५५३ − ३५५५ = १९९८, ९९८१ − १८९९ = ८०८२, ८८२० − ०२८८ = ८५३२ आणि सातव्या पायरीला ८५३२ − २३५८ = ६१७४. आता ६१७४ चे अंक लावले की ७६४१ − १४६७ = ६१७४. यापुढे कितीही वजाबाक्या केल्या तरी उत्तर तेच राहते.

सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेतली तरी शेवट ६१७४ वरच होतो आणि त्याला सातपेक्षा जास्त पायऱ्या लागत नाहीत. एकच पथ्य पाळावे लागते. मध्येच शून्य पुढे आले तर ते गाळायचे नाही. १००० पासून १००० − ०००१ = ०९९९ येते, ते चार अंकीच मानून पुढे ९९९० − ०९९९ = ८९९१ असे जायचे. शून्य गाळले तर ९९९ उरतात आणि त्यांची वजाबाकी शून्यावर संपते.

या क्रियेला नाव मिळाले ते दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचे. त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना १९२७ साली त्यांना गणितातील स्वतंत्र कामासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. गणितातली पदव्युत्तर पदवी त्यांच्याकडे नव्हती आणि विद्यापीठातली नोकरीही नव्हती. ६१७४ चा गुणधर्म त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला आणि पुढे तो परदेशी नियतकालिकातही प्रसिद्ध केला. देशातल्या अनेक गणितज्ञांना हा सारा पोरखेळ वाटला. अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांच्या संख्यांवर लिहिले, तेव्हा जगभरच्या वाचकांना देवळालीचे नाव कळले. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले. हर्षद संख्या, स्वयंभू संख्या, डेम्लो संख्या ही त्यांनी घडवलेली इतर कुळे. ७०३ चा वर्ग ४९४२०९ आणि ४९४ + २०९ = ७०३, अशा संख्यांना आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात.

हा आढावा त्यांच्या वजाबाकीपुरता आहे. सर्व अंक सारखे असलेल्या संख्या पहिल्याच पायरीला शून्यावर जातात, म्हणून त्या सर्वत्र वगळल्या आहेत. प्रश्न असा: संख्येत किती अंक असले की ही क्रिया कोठे जाऊन थांबते, आणि मुळात थांबते का?

एक गोष्ट सुरुवातीलाच निश्चित आहे. ठरावीक अंकांच्या संख्या मोजक्याच असतात, म्हणून क्रिया करत राहिले की कधी ना कधी आधी आलेले उत्तर पुन्हा येणारच. त्यानंतर दोनच गोष्टी संभवतात. एकच संख्या स्वतःकडे परतत राहील, म्हणजे स्थिरांक मिळेल. किंवा काही संख्या ओळीने येऊन पुन्हा पहिलीकडे जातील, म्हणजे चक्र तयार होईल. शिवाय वजा होणाऱ्या दोन्ही संख्यांचे अंक तेच असल्याने प्रत्येक उत्तर ९ च्या पाढ्यातले असते.

दोन अंकांत स्थिरांक नाही. नांदेडच्या वाहनांवर एमएच २६ आणि लातूरच्या वाहनांवर एमएच २४ असते. २६ पासून ६२ − २६ = ३६, मग २७, ४५, ०९, ८१, ६३ आणि पुन्हा २७. २४ पासून १८, मग ६३ आणि तेच चक्र. दोन अंकी प्रत्येक संख्या या पाच संख्यांच्या चक्रात जाते.

तीन अंकांत चित्र पालटते. तुळजापूरहून लातूर, अहमदपूर, नांदेड करत यवतमाळकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ आहे. त्याचा क्रमांक घेतला तर ६३१ − १३६ = ४९५ आणि पुढे ९५४ − ४५९ = ४९५. पहिल्याच पायरीला स्थिरांक हाती लागतो. तीन अंकांत मधला अंक दोन्ही मांडण्यांत मधेच राहतो, त्यामुळे वजाबाकीचे उत्तर सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान अंक यांच्या फरकाला ९९ ने गुणून येते. ३६१ मध्ये हा फरक ५ आहे आणि ९९ × ५ = ४९५. उत्तरे फक्त नऊच संभवतात: ०९९, १९८, २९७ असे करत ८९१ पर्यंत. सर्वांत लांबचा रस्ता ०९९, ८९१, ७९२, ६९३, ५९४, ४९५ असा आहे. म्हणून तीन अंकी संख्येला फार तर सहा पायऱ्या लागतात.

याच मुद्द्यात पुढच्या सर्व उत्तरांचे मूळ आहे. ही क्रिया संख्या बघतच नाही, ती फक्त अंकांमधली अंतरे बघते. चार अंकांत दोन अंतरे असतात. अंक उतरत्या क्रमाने लावले की पहिल्या आणि शेवटच्या अंकातले बाहेरचे अंतर, आणि दुसऱ्या व तिसऱ्या अंकातले आतले अंतर. बाहेरच्या अंतराला ९९९ ने आणि आतल्या अंतराला ९० ने गुणून बेरीज केली की वजाबाकीचे उत्तर मिळते. गुरू गोविंदसिंगांचे नांदेडला १७०८ साली महानिर्वाण झाले आणि लातूर जिल्हा १९८२ साली निर्माण झाला. ८७१० मध्ये अंतरे ८ आणि ६ आहेत. ९८२१ मध्येही ८ आणि ६ च आहेत. म्हणून ८७१० − ०१७८ आणि ९८२१ − १२८९ या दोन्ही वजाबाक्यांचे उत्तर ८५३२ आहे आणि दोन्ही सालांची वाट दुसऱ्या पायरीला ६१७४ वर संपते. मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला त्या १९४८ चे पहिले उत्तर ८३५२ आहे. अंक तेच, क्रम वेगळा, त्यामुळे तेही दुसऱ्याच पायरीला ६१७४ ला पोहोचते.

बाहेरचे अंतर १ ते ९ असू शकते आणि आतले अंतर त्याहून मोठे असू शकत नाही. अशा जोड्या फक्त ५४ होतात. म्हणजे एका वजाबाकीनंतर ९,९९० संख्यांच्या जागी ५४ च उरतात आणि त्या ५४ तपासल्या की सिद्धता पूर्ण होते. वहीच्या एका पानावर हे काम मावते. ६१७४ ला ‘गूढ संख्या’ म्हणण्याची पद्धत पडली आहे, पण इतकी स्वच्छ सिद्धता असताना तिच्याभोवती गूढ उभे करणे कापरेकरांच्या कामावर अन्याय करणारे आहे. पायऱ्यांचा हिशेबही पूर्ण मोजलेला आहे. ०००० ते ९९९९ मधल्या ज्या संख्यांचे चारही अंक सारखे नाहीत, त्यांतल्या ३८३ एका पायरीत पोहोचतात, सर्वाधिक २,४०० तीन पायऱ्यांत आणि २,१८४ संख्यांना १९९४ प्रमाणे पूर्ण सात पायऱ्या लागतात.

उत्तराचे अंकही अंतरांवरून थेट लिहिता येतात. आतले अंतर शून्य नसेल तर पहिला अंक म्हणजे बाहेरचे अंतर, दुसरा म्हणजे आतल्या अंतरातून १ वजा, तिसरा म्हणजे ९ मधून आतले अंतर वजा आणि चौथा म्हणजे १० मधून बाहेरचे अंतर वजा. ७६४१ ची अंतरे ६ आणि २, म्हणून अंक ६, १, ७, ४. याच अंकांची अंतरे पुन्हा ६ आणि २ येतात, म्हणून संख्या जागची हलत नाही. मोठ्या संख्यांकडे जाताना हा नियम फार उपयोगी पडतो.

पाच अंकांत अंतरे दोनच असतात आणि उत्तरेही ५४ च. त्यामुळे येथेही स्थिरांक मिळेल अशी अपेक्षा होते, पण तो मिळत नाही. नांदेडचा दूरध्वनी कोड ०२४६२ आहे. ६४२२० − ०२२४६ = ६१९७४, आणि पुढे ८२९६२, ७५९३३, ६३९५४ होऊन पुन्हा ६१९७४. लातूरचा कोड ०२३८२ घेतला तर ८०९८२, ९५९३१, ८५९३२, ७४९४३ आणि मग ६२९६४, ७१९७३, ८३९५२ होऊन पुन्हा ७४९४३. चार चार संख्यांची ही दोन वेगळी चक्रे आहेत. तिसरे चक्र ५३९५५ आणि ५९९९४ या दोघांचे आहे.

या सर्व संख्यांच्या मधोमध ९ आहे. अंकांची संख्या विषम असली की मधला अंक दोन्ही मांडण्यांत तोच असतो. त्याच्या उजवीकडच्या प्रत्येक घरात लहान अंकातून मोठा वजा होत असल्याने उसना घ्यावाच लागतो, आणि मधल्या घरात स्वतःतून स्वतः वजा होऊन वर एक उसना गेला की ९ उरतात.

स्थिरांक नसल्याची सिद्धता या ९ वरच उभी आहे. बाहेरचे अंतर क आणि आतले ख मानले, तर उत्तराचे अंक क, ख − १, ९, ९ − ख आणि १० − क असे येतात. संख्या स्वतःकडे परतायची असेल तर सर्वांत मोठा अंक ९ असल्यामुळे सर्वांत लहान अंक ९ − क असायला हवा. तो ख − १ तरी असेल किंवा ९ − ख तरी; बाकीचे अंक त्याच्याएवढे असूच शकत नाहीत. दोन्ही प्रकारांत क किमान ५ असावा लागतो आणि उरलेले तीन अंक क, क − १ आणि १० − क हेच राहतात. क बरोबर ५ असेल तर आतले अंतर जुळत नाही. क त्याहून मोठा असेल, तर पहिल्या प्रकारात ३ × क = २० व्हावे लागते आणि दुसऱ्या प्रकारात क १० असावा लागतो. अंकांमधल्या अंतराला दोन्ही अशक्य. ख शून्य असेल तेव्हाही हिशेब बसत नाही. सात अंकांतही स्थिरांक नाही. तेथे सर्व संख्या आठ संख्यांच्या एकाच चक्रात जातात. त्या चक्रात ७५०९८४३, ९५२९६४१ आणि ८७१९७२२ या एकामागून एक येतात.

सहा अंकांत अंतरे तीन होतात आणि दहा लाख संख्या पहिल्याच वजाबाकीत २१९ उत्तरांवर येतात. तरीही सर्वांचा शेवट एक नाही. ५४९९४५ आणि ६३१७६४ असे दोन स्थिरांक आहेत आणि त्यांच्याबरोबर सात संख्यांचे एक चक्र आहे: ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६ आणि पुन्हा ८५१७४२.

येथे नांदेड आणि लातूर यांचे पिन कोड दोन टोकांची उदाहरणे ठरतात. नांदेडचा ४३१६०१. अंक लावले की ६४३११० − ०११३४६ = ६३१७६४. एकाच वजाबाकीत स्थिरांक. लातूरचा ४१३५१२. त्याची वाट अशी जाते: ४३०८६६, ८३१७६२, ७५२६४३, ५३०८६५, ८२९९६२, ७७१७२३, ६५३५४४, ३१०८८७, ८७३५२२, ६५१७४४, ६२०८७४ आणि बाराव्या पायरीला ८५१७४२. म्हणजे लातूरचा क्रमांक सातांच्या चक्रात जातो आणि तेथेच फिरत राहतो. कारण पुन्हा अंतरांत आहे. ६४३११० मध्ये बाहेरून आत येताना अंतरे ६, ३, २ आहेत आणि ७६६४३१ मध्येही ६, ३, २ च. लातूरच्या ५४३२११ मध्ये ती ४, ३, १ आहेत.

नांदेडच्या क्रमांकातला शेवटचा अंक १ ऐवजी २ केला तर ६४३२१० − ०१२३४६ = ६३०८६४. हे अंक लातूरच्या पहिल्या उत्तराचे, म्हणजे ४३०८६६ चेच आहेत. त्यामुळे पुढची सारी वाट लातूरची होते. विष्णुपुरीच्या विद्यापीठ परिसराचा पिन ४३१६०६ सुद्धा ६५०८४४, ८२०८७२, ८६४४३२, ६२९९६४, ७४९९४३, ६५२६४४ असा जाऊन सातव्या पायरीला ४२०८७६ वर, म्हणजे त्याच चक्रात पोहोचतो. टपाल खात्याने हे क्रमांक विभागांच्या सोयीने दिले, त्यात शुभाशुभ शोधण्यासारखे काही नाही. एक अंक बदलला की गंतव्य कसे बदलते, हे त्यांवरून हाताशी कळते, एवढेच त्यांचे महत्त्व.

आठ अंकांत ६३३१७६६४ आणि ९७५०८४२१ हे स्थिरांक आहेत आणि चक्रेही आहेत. ६४३०८६५४, ८३२०८७६२ आणि ८६५२६४३२ हे त्यांतले तिघांचे चक्र. नऊ अंकांत ५५४९९९४४५ आणि ८६४१९७५३२. यांतली दुसरी संख्या विशेष देखणी आहे: ९८७६५४३२१ − १२३४५६७८९ = ८६४१९७५३२, म्हणजे १ ते ९ हे सारे अंक एकेकदा वापरून तेच सारे अंक पुन्हा एकेकदा हाती येतात. दहा अंकांत शून्यही सामील होते आणि ९८७६५४३२१० − ०१२३४५६७८९ = ९७५३०८६४२१. तेथे ६३३३१७६६६४ आणि ९९७५०८४२०१ हे आणखी दोन स्थिरांक आहेत.

६१७४, ६३१७६४, ६३३१७६६४, ६३३३१७६६६४ ही ओळ लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे. प्रत्येक वेळी डाव्या भागात एक ३ आणि उजव्या भागात एक ६ वाढतो. ६ आणि ३ ही जोडी वाढली की अंतरांत एक ३ वाढतो. ३ हे अंतर उत्तराच्या डाव्या भागात ३ लिहून देते आणि उजव्या भागात ९ − ३, म्हणजे ६. जेवढे घातले तेवढेच परत मिळते, म्हणून संख्या कितीही लांबवली तरी स्थिरच राहते. शंभर अंकी स्थिरांक हवा असेल तर आधी ६, मग अठ्ठेचाळीस वेळा ३, मग १७, मग अठ्ठेचाळीस वेळा ६ आणि शेवटी ४ लिहावे. उतरत्या क्रमाने लावल्यावर बाहेरचे अंतर ७ − १ = ६ येते, मधली अठ्ठेचाळीस अंतरे ३ येतात आणि सर्वांत आतले ६ − ४ = २. या शंभर अंकी संख्येच्या अंकांची बेरीज ४५० आहे, म्हणून तिला ९ ने भाग जातो. शेवटचे तीन अंक ६६४ असल्याने ८ ने जातो, म्हणजे ७२ ने जातो. शेवटच्या ६६६४ ला १६ ने भाग जात नाही, म्हणून १६ ने मात्र जात नाही. इतकी मोठी संख्या आणि तिचे इतके गुणधर्म कोणत्याही यंत्राशिवाय कागदावर पडताळता येतात.

विषम अंकांसाठी ८६४१९७५३२ मध्ये तीच ३–६ ची जोडी घातली की अकरा अंकी ८६४३१९७६५३२ आणि पुढे तेरा अंकी ८६४३३१९७६६५३२ मिळते. त्यामुळे स्थिरांक कोठे आहे आणि कोठे नाही या प्रश्नाचे उत्तर पूर्ण होते: दोन, पाच आणि सात अंकांत तो नाही, तीन, चार, सहा आणि आठपासून पुढे प्रत्येक लांबीत किमान एक आहेच.

९ सोडला तर भाजकांच्या दृष्टीने या संख्यांना एक सूत्र नाही. ६१७४ = २ × ३ × ३ × ७ × ७ × ७. तिच्या अंकांची बेरीज १८ आणि ६१७४ ÷ १८ = ३४३, म्हणजे ७ चा घन; अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जात असल्यामुळे ती हर्षद संख्याही आहे. ६३१७६४ च्या अंकांची बेरीज २७, पण तिला २७ ने भाग जात नाही. ४९५ आणि ५४९९४५ विषम आहेत आणि त्यांच्या अंकांच्या बेरजा १८ व ३६ अशा सम, म्हणून त्याही हर्षद नाहीत.

स्थिरांक कोठे पडतो हे लिहिण्याच्या पद्धतीवरही अवलंबून असते. दहाऐवजी पाचाच्या पायात लिहिले, तर चार अंकांत ३०३२ ही संख्या स्वतःकडे परतते. आठाच्या पायात तीन अंकी ३७४ परतते. पाया सम असेल तर तीन अंकी स्थिरांक नेहमीच मिळतो: पहिला अंक पायाच्या निम्म्याहून एकाने कमी, मधला पायाहून एकाने कमी आणि शेवटचा पायाच्या निम्मा. दहाच्या पायात हेच ४, ९, ५ होतात. चार अंकी स्थिरांकांचा सर्व पायांसाठीचा अभ्यास जर्मन गणितज्ञ हेल्मुट हासे यांनी प्रिचेट यांच्याबरोबर १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. विसाव्या शतकातल्या संख्यासिद्धांतातील थोर नावांपैकी एक असलेल्या हासे यांना देवळालीच्या मास्तरांचा प्रश्न हाताळावासा वाटला, यावरून त्या प्रश्नाचे वजन कळते.

१९८१ मध्ये प्रिचेट, लडिंग्टन आणि लापेन्टा यांनी दशमान पद्धतीपुरता अखेरचा निकाल सिद्ध केला. सर्व अंक सारखे नसलेल्या, एका लांबीच्या सगळ्याच संख्यांना एकाच ठिकाणी आणणारे स्थिरांक दोनच आहेत: ४९५ आणि ६१७४.